परदेशी भाषा शिकताना: आधी हेतू, मग शब्द
(जर्मन भाषेच्या उदाहरणासह)

आपल्या मंडळातील अनेक घरांतील मुले-मुली आज जर्मनीत शिकत आहेत किंवा नोकरी करीत आहेत. त्यामुळे मुलाकडे जाणारे आई-वडील, लग्नानंतर निघालेली सून, नोकरीची तयारी करणारी परिचारिका, अकरावीतला विद्यार्थी अशा सर्व वयांच्या लोकांना ही भाषा शिकावीशी वाटू लागली आहे. सुरुवात उत्साहात होते. पुस्तक आणले जाते, मोबाईलवर ॲप येते, वर्गाची फी भरली जाते. दोन-तीन महिन्यांनी मात्र बहुतेकांची तक्रार एकच असते: "शब्द पुष्कळ पाठ केले, पण वेळेवर एकही आठवत नाही."

हा दोष स्मरणशक्तीचा क्वचितच असतो. पाठ केलेले शब्द आणि प्रत्यक्ष लागणारे शब्द वेगवेगळे असतात, ही खरी अडचण आहे. म्हणून हेतू कसा ठरवावा आणि त्यावरून शब्द कसे निवडावेत, याची माहिती या लेखात दिली आहे. उदाहरणे जर्मनची असली तरी पद्धत फ्रेंच, जपानी किंवा अन्य कोणत्याही भाषेला लागू पडेल.

हेतू एका वाक्यात लिहा

"मला जर्मन शिकायचे आहे" ही इच्छा झाली, हेतू नव्हे. हेतूत चार गोष्टी असाव्यात: कोणाशी बोलायचे, कुठे, कशाबद्दल आणि कधीपर्यंत. काही नमुने पाहा.

* "मुलीच्या बाळंतपणासाठी मे महिन्यात जाणार आहे. तिथे औषधाच्या दुकानात, किराणा घेताना आणि शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलता आले पाहिजेत."
* "डिसेंबरपर्यंत ए१ परीक्षा उत्तीर्ण व्हायची आहे."
* "दीड वर्षात बी२ पातळी गाठून रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करायचे आहे."

तिन्ही वाक्यांत भाषा एकच आहे, पण तिघांची पहिली शंभर शब्दांची यादी वेगळी होईल. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे कोणताही शब्द समोर आला की तो या वाक्याच्या उपयोगाचा आहे का, हे विचारता येते.

पातळ्या म्हणजे काय

कौन्सिल ऑफ युरोप या संस्थेने २००१ साली भाषाज्ञानाची एक सामाईक चौकट प्रसिद्ध केली. तिच्यात ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२ अशा सहा पातळ्या आहेत. तुम्हाला किती नियम येतात यापेक्षा भाषेत तुम्ही काय करू शकता, यावर या पातळ्या ठरतात.

* ए१: स्वतःची ओळख करून देणे, साधे प्रश्न विचारणे, समोरचा सावकाश बोलल्यास समजणे.
* ए२: खरेदी, प्रवास, कुटुंब अशा रोजच्या विषयांवर छोटा संवाद.
* बी१: प्रवासात किंवा कामावर येणाऱ्या बहुतेक प्रसंगांत निभावून नेणे, अनुभव सांगणे, आपल्या मताचे कारण देणे.
* बी२: त्या भाषेच्या लोकांशी फारसे न अडखळता बोलणे, आपल्या व्यवसायातील चर्चा समजणे.
* सी१ आणि सी२: उच्च शिक्षण, व्यावसायिक लेखन, बारकाव्यांसह भाषा वापरणे.

कुठे काय लागते, हेही ठाऊक असावे. जर्मनीत राहणाऱ्या जोडीदाराकडे जाण्यासाठीच्या व्हिसाला २००७ पासून सामान्यतः ए१ पातळीचा पुरावा लागतो. मात्र जोडीदाराकडे युरोपीय ब्लू कार्ड असेल तर ही अट नसते. परिचारिका म्हणून व्यवसायाची मान्यता मिळण्यासाठी सामान्यतः बी२, तर जर्मन नागरिकत्वासाठी बी१ लागते. इंग्रजी माध्यमातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अनेकदा जर्मनची अट नसते. पण घर शोधायला आणि अर्धवेळ काम मिळवायला भाषा लागतेच. नियम बदलत असतात, म्हणून फी भरण्यापूर्वी वकिलातीच्या संकेतस्थळावर आपल्या प्रकारच्या व्हिसाची अट स्वतः वाचावी.

वेळेचा अंदाजही आधीच घ्यावा. गोएथे-इन्स्टिट्यूट (भारतातील नाव मॅक्स म्यूलर भवन) ए१ साठी ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका आणि शून्यापासून बी२ पर्यंत ६०० ते ८०० तासिका धरते. घरचा अभ्यास याखेरीज. "सहा महिन्यांत बी२" असे कोणी सांगितले, तर रोज किती तास द्यावे लागतील याचा गुणाकार करून पाहावा आणि मगच पैसे भरावेत.

यादी कोणी केली, कशासाठी केली

"सर्वाधिक वापरले जाणारे १००० शब्द" अशा याद्या सहज मिळतात. त्या उपयोगी आहेत, पण प्रत्येक यादीमागे ती करणाऱ्याचा हेतू असतो.

जर्मन शब्दांची पहिली मोठी मोजणी फ्रीडरिश विल्हेल्म केडिंग यांनी केली. ती १८९७-९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या काळी, संगणक नसताना, सुमारे १ कोटी १० लाख शब्द हाताने मोजले गेले. हेतू होता लघुलेखन सुधारण्याचा. वारंवार येणाऱ्या शब्दांना सोप्या खुणा देता याव्यात, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. अशा मोजणीत सर्वांत वर येतात ते 'डेर', 'डी', 'उंट' (आणि) यांसारखे शब्द. त्यांच्यावाचून वाक्य होत नाही, पण केवळ त्यांच्यावर पोटही भरत नाही.

ही उणीव १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये ठळकपणे दिसली. परदेशी लोकांना शिकवण्यासाठी जॉर्ज गुगनाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य लोकांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून शब्द मोजले. तेव्हा लक्षात आले की काटा-चमच्यातला 'काटा' यासारखे प्रत्येक घरातले शब्द मोजणीत जवळजवळ येतच नाहीत. आपण रोज काट्याने जेवतो, पण काट्याविषयी बोलत नाही. मग त्यांनी वेगळा मार्ग काढला. स्वयंपाकघर, कपडे, प्रवास असे विषय देऊन लोकांकडून त्या विषयावर आठवतील ते शब्द लिहून घेतले. असे विषय निघताच ओठावर येणारे शब्द यादीत घातले, तेव्हा ती वापरण्याजोगी झाली.

यातून आपल्यासाठी सरळ नियम निघतो: वाक्याचा सांगाडा मोजणीच्या यादीतून घ्यावा आणि नामे, क्रियापदे आपल्या दिवसातून घ्यावीत.

आपली यादी वर्गवार करा

हेतूनुसार शब्द गोळा करून ते वर्गांत मांडण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून तयार झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. त्यांची मांडणी दुर्ग, शस्त्र, लेखन, पण्य अशा दहा वर्गांत आहे. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु' हा कोश निघाला. राज्यकारभाराचे शब्द त्यात आठ भाषांत शेजारी शेजारी दिले आहेत. दोन्ही कोशांच्या कर्त्यांना सगळी भाषा नको होती. कचेरीत रोज लागणारे शब्द हवे होते.

आपणही तसेच करावे. एक दिवस वही जवळ ठेवा. सकाळपासून रात्रीपर्यंत, तिथे गेल्यावर कोणते प्रसंग येतील, ते मराठीतच लिहा: दूध आणणे, ट्रामचे तिकीट, डॉक्टरांची वेळ घेणे, कचरा वेगळा करणे, जिन्यात शेजारीण भेटणे. प्रत्येक प्रसंगासाठी १५ ते २० शब्द आणि तीन पूर्ण वाक्ये पुरतात. दहा प्रसंग झाले की १५०-२०० शब्द होतात. हे शब्द तुमचे असतात, म्हणून लवकर बसतात.

तीन नमुने

*१. नातवंडासाठी जाणारी आजी.* तिला परीक्षा द्यायची नाही, म्हणून व्याकरणाच्या तक्त्यांपासून सुरुवात करण्याचे कारण नाही. आपोटेके (औषधाचे दुकान), फीबर (ताप), विंडेल (बाळाचा डायपर), किंडरवागन (बाबागाडी), हाल्टेश्टेले (थांबा), टेर्मीन (ठरवून घेतलेली वेळ) हे शब्द आधी. 'ओने' म्हणजे 'शिवाय'. हा एक शब्द फार कामाचा आहे: ओने फ्लाइश (मांसाशिवाय), ओने आय (अंड्याशिवाय), ओने त्सुकर (साखरेशिवाय). शाकाहारी माणसाचे निम्मे काम त्यावर होते. त्याबरोबर "लांगझाम, बिट्टे" (सावकाश बोला) आणि "व्ही हाइस्ट डास आउफ डॉइच?" (याला जर्मनमध्ये काय म्हणतात?) ही दोन वाक्ये. दुसरे वाक्य येत असले की समोरचा माणूसच आपला शिक्षक होतो. रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११२ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांकही याच पानावर लिहून ठेवावेत.

*२. ए१ परीक्षा देणारी सून किंवा जावई.* इथे हेतू ठरलेला आहे, त्यामुळे यादीही ठरलेली आहे. गोएथे-इन्स्टिट्यूटची ए१ ची शब्दसूची सुमारे ६५० शब्दांची, ए२ ची सुमारे १३०० आणि बी१ ची सुमारे २४०० शब्दांची आहे. या सूच्या विनामूल्य मिळतात. ए१ परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे असे चार भाग असतात आणि १०० पैकी ६० गुणांना उत्तीर्ण होता येते. तोंडी भागात स्वतःची ओळख देताना एखादे नाव अक्षरे सुटी करून सांगावे लागते, एखादा आकडाही सांगावा लागतो. तेव्हा मुळाक्षरे आणि आकडे पहिल्याच आठवड्यात पक्के करावेत. आपली मराठी आडनावे जर्मन अक्षरांत सुटी करून सांगण्याचा सराव खास करावा, कारण ती तिथे जन्मभर सांगावी लागणार आहेत!

*३. परिचारिका.* बी२ चे पुस्तक संपले तरी रुग्णाचे बोलणे समजेलच असे नाही. पुस्तकात पर्यावरण आणि प्रसारमाध्यमे यांवर निबंध असतात. खोलीतले आजोबा मात्र "मीअर इस्ट श्विंडलिश" (मला चक्कर येते आहे) म्हणतात. म्हणून परीक्षेच्या यादीबरोबर दुसरी वही पहिल्या दिवसापासून ठेवावी: शरीराचे अवयव, वेदनेचे प्रकार, शौच-लघवीचे साधे शब्द, पथ्य, धीर देणारी वाक्ये. परीक्षेच्या यादीने नोकरीचे दार उघडते. रुग्णाचा विश्वास मात्र दुसऱ्या वहीतूनच मिळतो.

बोलायचे शब्द आणि ओळखायचे शब्द

प्रत्येक शब्द दोन्ही प्रकारे यायला हवा असे नाही. 'आउसगांग' (बाहेर जाण्याचा मार्ग) हा शब्द फलकावर ओळखता आला तरी पुरे. "मला शेंगदाणे चालत नाहीत" हे मात्र बोलता यायलाच हवे. वहीत शब्दापुढे 'बो' किंवा 'ओ' अशी खूण करावी. 'ओ' खुणेचे शब्द नुसते वाचून बसतात. 'बो' खुणेचे शब्द मोठ्याने, वाक्यात आणि मराठीवरून जर्मन अशा दिशेने घोकावे लागतात. सगळेच शब्द दोन्ही प्रकारे पाठ करण्याच्या हट्टापायी बराच वेळ वाया जातो.

वाचनासाठी मात्र शब्दसंग्रह मोठा लागतो. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी इंग्रजीसाठी २००६ मध्ये मांडलेला हिशोब असा: कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचायचे तर ८००० ते ९००० शब्दकुळे लागतात, बोलणे समजायला ६००० ते ७०००. एका मूळ शब्दापासून झालेली रूपे मिळून एक शब्दकूळ धरले जाते. जर्मनचे आकडे थोडे वेगळे असतील, पण धडा तोच आहे. ए१ झाल्यावर जर्मन वर्तमानपत्र वाचता येत नाही म्हणून निराश होऊ नये. तो हेतूच त्या पातळीचा नव्हता.

आपली मराठी कुठे मदत करते

ही बाब शिकवणी वर्गात सहसा सांगितली जात नाही, कारण तिथे शिकवणे बहुधा इंग्रजीतून होते.

*लिंगे.* जर्मनमध्येही मराठीसारखी तीन लिंगे आहेत: डेर (पुल्लिंग), डी (स्त्रीलिंग), डास (नपुंसकलिंग). इंग्रजीतून किंवा हिंदीतून शिकणाऱ्याला तिसरे लिंग नवे वाटते, आपल्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेले असते. काही रोजचे शब्द तर थेट जुळतात: डास हाउस (ते घर), डास बूख (ते पुस्तक), डास वासर (ते पाणी), डास झाल्त्स (ते मीठ), डास किंट (ते मूल), डास ओब्स्ट (ते फळ). पण हा योगायोग आहे, नियम नव्हे. सूर्य तिथे स्त्रीलिंगी (डी झोनं), दूधही स्त्रीलिंगी (डी मिल्श), आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी (डास मेटशेन). म्हणून नाम लिहिताना डेर-डी-डास सोडून कधीही लिहू नये. तीन रंगांच्या शाईने लिहिल्यास पुढचा मोठा त्रास वाचतो.

*आकडे.* ४७ ला जर्मनमध्ये 'झीबन-उंट-फिअरत्सिश' म्हणतात, म्हणजे सात-आणि-चाळीस. आपल्या 'सत्तेचाळीस'मध्येही सात आधी येतात. इंग्रजी आकड्यांची सवय झालेल्या नातवाला हे उलटे वाटते. मराठी पाढे म्हटलेल्या आजीला ते घरचेच वाटते. फोन क्रमांक लिहून घेताना आजी नातवाच्या पुढे जाऊ शकते.

*वाक्यरचना.* "इश लेर्ने डॉइच, वाइल मायने टॉख्टर इन बर्लिन वोन्ट." यातील 'वाइल'नंतरचे शब्द एकेक करून पाहा: कारण, माझी मुलगी, बर्लिनमध्ये, राहते. क्रियापद शेवटी! अशा गौण वाक्यात इंग्रजी मधे न आणता मराठीत विचार केला, तर क्रम आपोआप बरोबर येतो.

*जोडशब्द.* ब्लूट म्हणजे रक्त, ड्रुक म्हणजे दाब, ब्लूटड्रुक म्हणजे रक्तदाब. हांट म्हणजे हात, शू म्हणजे बूट, आणि हांटशू म्हणजे आपला हातमोजा. लांबलचक शब्दाला न घाबरता आधी तो फोडावा. एक 'हाउस' आला की क्रांकनहाउस (रुग्णालय) अर्धे आलेच.

उलट, इंग्रजीशी दिसणारे साम्य कधी फसवते. 'गिफ्ट' म्हणजे जर्मनमध्ये विष आणि 'शेफ' म्हणजे साहेब, वरिष्ठ. असे शब्द वेगळ्या पानावर लाल शाईने लिहावेत.

(या लेखातील देवनागरी उच्चार जवळपासचे आहेत. खरा उच्चार ध्वनिफितीवरून ऐकूनच घ्यावा.)

वेळापत्रक आणि उजळणी

रोज आठ नवे शब्द, आठवड्याचे पाच दिवस. हा वेग नोकरी-घर सांभाळणाऱ्याला झेपतो. आठवड्याला ४०, म्हणजे १६ आठवड्यांत ६४०: जवळजवळ पूर्ण ए१ ची यादी. उरलेले दोन दिवस फक्त उजळणीचे. एका दिवसात पन्नास शब्द पाठ करण्याचा पराक्रम शक्यतो करू नये. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठांतरानंतर विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते.

उजळणीसाठी जर्मन लेखक झेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचवलेली पेटी घरी करता येते. बुटाच्या खोक्यात पाच कप्पे करा. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीची कार्डे कापा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला जर्मन शब्द आणि एक वाक्य. उत्तर बरोबर आले तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकले तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने.

दर महिन्याला हेतूचे वाक्य पुन्हा वाचा आणि एक प्रत्यक्ष काम करून पाहा: व्हिडिओ कॉलवर मुलीला जर्मनमध्ये किराण्याची यादी सांगणे, डॉक्टरांची वेळ मागण्याचा खोटा फोन करणे. काम झाले तर वर्ग पुढे न्या. जिथे अडलात तो शब्द त्याच दिवशी वहीत घ्या. अडलेला शब्द सहसा विसरत नाही.

शेवटी

आपल्या घरांत मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी आणि बाकी सगळीकडे हिंदी असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. भाजीवालीशी बोलायची गुजराती आपण कोणत्याही यादीवरून शिकलो नाही. गरज पडली तो शब्द उचलला, चुकत वापरला, आणि तो आपला झाला. परदेशी भाषेत तीच रीत वही-पेन्सिल घेऊन, थोड्या शिस्तीने पाळायची आहे. म्हणून आज पुस्तक उघडण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर फक्त एक वाक्य लिहा: मला कोणाशी, कुठे, कशाबद्दल आणि कधीपर्यंत बोलायचे आहे.